आधीची एनओसी, नंतरची एनओसी आणि मधली माणसं

आजही इतिहासच सांगणार आहे, पण गड-किल्ले नाहीत आणि लढायाही नाहीत. एका कायद्याचा इतिहास आहे. 'कायदा' ऐकून लगेच इअरफोन काढू नका. ही गोष्ट तुमच्या-माझ्या फ्लॅटची आहे, म्हणजे तो फ्लॅट व्हायच्या आधीची.

२१ जानेवारी २०२१. पुण्याजवळ मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या एका इमारतीला दुपारी पावणेतीनच्या सुमाराला आग लागली. पाचच दिवसांपूर्वी, १६ जानेवारीला, देशात कोरोनाची लस टोचायला सुरुवात झाली होती आणि कोविशिल्ड याच कंपनीची. त्यामुळे काळ्या धुराचे व्हिडिओ फोनवर आले तसा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, लस जळाली का? लस सुरक्षित होती. सुरुवातीला जीवितहानी नाही असंही सांगितलं गेलं. मग आग आटोक्यात आल्यावर आत पाच मृतदेह सापडले. पाचही जण कंत्राटी कामगार. दोघे पुण्याचे, दोघे उत्तर प्रदेशचे, एक बिहारचा. इमारतीचं काम अजून चालू होतं. वेल्डिंगच्या ठिणगीनं आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज त्याच दिवशी सरकारकडून सांगितला गेला. कंपनीनं प्रत्येक कुटुंबाला २५ लाख रुपये जाहीर केले. दोन दिवस बातमी चालली आणि मग आपण सगळे पुन्हा लसीच्या आकड्यांकडे वळलो.

त्या आगीत चूक कुणाची होती यात मी आज शिरणार नाही, ते तपासाचं काम. मला वेगळा प्रश्न पडला होता. इमारत पूर्ण झालेली नसते, तिथं अजून कुणी राहत नसतं, सोसायटी नसते, वॉचमनसुद्धा ठेकेदाराचा असतो. अशा इमारतीत आग लागू नये आणि लागली तर माणसं बाहेर यावीत, हे कायद्यानं बघायचं कुणी?

प्रश्न पडायला कारण आहे. मी जतचा. आमच्या तालुक्यात पाऊस कमी आणि बाहेर जाणारी एसटी जास्त. माझ्या शाळेतली निम्मी पोरं आज पुण्यात आहेत. काही माझ्यासारखी लॅपटॉप घेऊन आयटी पार्कात, आणि काही त्याच आयटी पार्काच्या शेजारच्या टॉवरवर सेंट्रिंगला, फिटिंगला, बिगारी म्हणून. गावाकडचे एक तात्या गेली पंधरा-सोळा वर्षं सेंट्रिंगचं काम करतात, त्यांच्याशी मी या भागासाठी फोनवर बोललो.

"तात्या, आग लागली तर काय करायचं, साइटवर कुणी सांगितलंय का?"

"सांगायचं काय त्यात लेका? पळायचं."

"कुठनं?"

"जिन्यानं. एकच हाय, दुसऱ्याचं काम व्हायचंय अजून."

दुसऱ्या जिन्याचं काम व्हायचंय, हे लक्षात ठेवा.

आता थोडं तांत्रिक. अर्धवट इमारत म्हणजे विटा, सिमेंट आणि लोखंड, तिथं जळायला आहे काय, असं वाटतं. पहिली काही वर्षं ते बऱ्यापैकी खरंही असतं, सेंट्रिंगच्या फळ्या आणि प्लायवूड सोडलं तर. धोका वाढतो शेवटच्या काही महिन्यांत. तेव्हा आत येतात इन्सुलेशनचे फोम, वायरींची भेंडोळी, फॉल्स सीलिंग, रंग, थिनर, आणि नव्या मशिनरीची थर्माकोल-पुठ्ठ्यातली खोकी. आणि नेमकं तेव्हाच पाइप, रेलिंग आणि डक्टचं वेल्डिंग-कटिंगही जोरात असतं. म्हणजे जळणारा माल आणि ठिणगी एकाच मजल्यावर, एकाच वेळी. शिवाय वाचवणारी सगळी यंत्रणा अजून खोक्यात. स्प्रिंकलरचे पाइप लागलेत पण त्यात पाणी नाही. अलार्म बसलाय पण जोडलेला नाही. जिन्याची फायर डोअर आलेली नाहीत, लिफ्टचे आणि केबलचे डक्ट वरपासून खालपर्यंत उघडे, म्हणजे धुराला सरळ चिमणी. माणूस ज्वाळेपेक्षा आधी धुरानं मरतो, आणि तो धूर वरच्या मजल्यावर पोचायला फार वेळ लागत नाही.

वेल्डिंगच्या ठिणगीचं एक वाईट असतं. ती खाली पडून फटीत जाते, फोममध्ये धुमसत राहते, आणि वेल्डर जेवायला गेल्यावर पेटते. म्हणून 'हॉट वर्क परमिट' नावाची पद्धत असते. वेल्डिंगच्या आधी लेखी परवानगी घ्यायची, आजूबाजूचा पेटणारा माल हलवायचा किंवा झाकायचा, आणि काम संपल्यावरही एक माणूस सिलिंडर घेऊन तिथं नजर ठेवून बसवायचा. अमेरिकेतल्या एनएफपीएच्या मानकात हा नजर ठेवायचा वेळ पूर्वी अर्धा तास होता, २०१९ च्या आवृत्तीत तो एक तास केला. एका माणसाचा एक तास. ज्याला टेंडर भरायचंय त्याच्यासाठी तो खर्च आहे, आणि सगळी रड तिथूनच सुरू होते.

आता इतिहास. आगीचे कायदे बहुतेक आगीनंतरच येतात. १७ फेब्रुवारी १८०३ ला मुंबईच्या कोटातल्या वस्तीत मोठी आग लागली, आणि त्यानंतर कोटाबाहेर मोकळी जागा किती सोडायची, कुणाला कुठं घर बांधू द्यायचं, यावर सरकार गंभीर झालं. तेव्हापासून हा विचार शहराचा आणि उभ्या असलेल्या घरांचा राहिला. घर बांधणाऱ्या माणसाचा त्यात कुठं संबंध आला नाही. १८६० च्या दंडसंहितेत कलम २८५ होतं, आगीबाबत बेजबाबदार वागून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. १८६० साली हजार रुपये म्हणजे मोठीच रक्कम. गंमत अशी की ते हजार पुढं १६४ वर्षं हजारच राहिले. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा त्याचे दोन हजार झाले.

महाराष्ट्रानं आगीसाठी स्वतंत्र कायदा केला २००६ चा, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. तो लागू झाला ६ डिसेंबर २००८ ला, म्हणजे २६/११ नंतर दहाच दिवसांनी. कायदा चांगला आहे, आणि आपल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जानेवारी आणि जुलै आला की जी 'बी फॉर्म'ची धावपळ होते ती याच कायद्यामुळे. इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावं लागतं. जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर.

पण भोगवटादार म्हणजे इमारत वापरणारा. आणि बांधकाम चालू असताना इमारत वापरतं कोण?

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे असं दिसतं. आमच्याकडे डिझाइन रिव्ह्यू होतो आणि रिलीजच्या आधी शेवटची तपासणी होते. इमारतीचंही तसंच. नकाशा मंजूर होताना अग्निशमन विभागाची तात्पुरती एनओसी आणि काम पूर्ण झाल्यावर अंतिम एनओसी. पहिली बघते कागदावरची इमारत, दुसरी बघते तयार इमारत. मधली तीन-चार वर्षं? आमच्याकडे त्या मधल्या काळात सर्व्हर क्रॅश झाला तर आपण चहा प्यायला जातो. इथं त्या मधल्या काळात आत तात्या असतात.

अगदी काहीच नाही असंही नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, बांधकाम चालू असतानाच्या आगीबद्दल मोजकं पण नेमकं लिहिलंय. किमान १०० मिलिमीटर व्यासाचा कोरडा उभा पाइप, ज्याला बांधून झालेल्या प्रत्येक मजल्यावर तोंड असेल आणि खालून बंबवाले पाणी चढवू शकतील. प्रत्येक मजल्यावर २,००० लिटर पाण्याचे ड्रम आणि दोन बादल्या. आणि किमान २०,००० लिटरची पाण्याची टाकी. या टाकीबद्दल एक सवलत आहे, तिचं पाणी बांधकामाच्या इतर कामालाही वापरता येईल. तात्यांना विचारलं, टाकी आहे का? म्हणाले, "हाय की मोठी. पण सांजच्याला तळ दिसतोय, स्लॅबला पाणी मारण्यातच जातंय सगळं." ही सवलत लिहिणाऱ्यानं सोय बघितली असणार, पण दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, दोन कामांसाठी ठेवलेलं पाणी नेहमी पहिल्याच कामात संपतं.

म्हणजे इमारतीच्या बाजूनं कायदा बघत गेलं की मधल्या माणसाचं चित्र धूसर दिसतं. म्हणून दुसऱ्या बाजूनं, कामगाराच्या बाजूनं जाऊ.

८ मार्च १९४८ ला जत संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. डफळे सरकारांचं राज्य जाऊन आम्ही आधी दक्षिण साताऱ्यात आणि १९६० पासून सांगली जिल्ह्यात. त्याच १९४८ साली कारखाने अधिनियम झाला. त्याचं कलम ३८ आगीबद्दल आहे, बाहेर पडायचे मार्ग, विझवायची साधनं, कामगारांना सराव. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, ते कलम नव्यानं लिहिलं गेलं. पण हे सगळं कारखान्यातल्या कामगाराला. बांधकामाची साइट कायद्याच्या भाषेत 'कारखाना' नव्हती. तिथला माणूस आज इथं, उद्या तिथं, मालक मुकादमाकडे बोट दाखवणार, मुकादम ठेकेदाराकडे.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि उड्डाणपूल उभे राहत होते. तिथल्या मजुरांना किमान वेतन मिळत नाही म्हणून एका नागरी हक्क संघटनेनं न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं. १८ सप्टेंबर १९८२ च्या त्या निकालात एक वाक्यभर गोष्ट आहे जी आपल्यासाठी महत्त्वाची, बांधकाम हे धोक्याचं काम आहे, त्यामुळे १४ वर्षांखालच्या मुलांना तिथं ठेवता येणार नाही. धोक्याचं काम आहे, हे साधं सत्य न्यायालयाच्या तोंडून यायला १९८२ उजाडलं! त्यानंतर १९८५-८६ पासून न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यासारखी माणसं आणि मजूर संघटना एकत्र येऊन बांधकाम कामगारांसाठी वेगळा केंद्रीय कायदा मागत राहिल्या. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, तो झाला.

या कायद्याखालचे केंद्राचे नियम आले १९९८ मध्ये, आणि आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथं आहे, नियम ३५ मध्ये. तो सांगतो की संभाव्य आग विझवायला पुरेल एवढी साधनं, पुरेशा दाबाचं पुरेसं पाणी, आणि ही साधनं चालवायला शिकवलेली माणसं साइटवर ठेवणं हे नियोक्त्याचं काम. साधनांची वर्षातून किमान एकदा तपासणी आणि तिची नोंद. पुढच्या नियम ३६ मध्ये, साइटवर ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर आग, स्फोट वगैरेसाठी आपत्कालीन आराखडा करून मंजूर करून घ्यायचा. शिवाय कायद्याच्या कलम ३४ मध्ये कामगारांना फुकट तात्पुरतं घर द्यायचं, स्वयंपाकाची वेगळी जागा असलेलं. हे कलम मला आगीचंच वाटतं. पत्र्याची खोली, आत गॅसची शेगडी, शेजारी प्लायची थप्पी, आणि लोंबकळणाऱ्या वायरवर फोन चार्जिंगला. पुण्याच्या बाहेरच्या कुठल्याही लेबर कॅम्पात जाऊन बघा.

तर कर्तव्य लिहिलेलं आहे, स्पष्ट आहे, आणि 'नियोक्ता' म्हणून कुणावर आहे तेही स्पष्ट आहे. मग मोडलं तर? कलम ४७. तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मोडणं चालूच ठेवलं तर दिवसाला शंभर रुपये. दोन हजारात तेव्हाही टॉवरच्या एका बाथरूमच्या टाइल्स येत नव्हत्या.

शिवाय कायदा झाला म्हणजे लागू झाला असं नाही. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम आले २००७ मध्ये. अकरा वर्षं! कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होत होता, पण पैसा पडून राहिला किंवा भलतीकडे गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेही निघालं की काही ठिकाणी त्यातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली गेली, आणि शेवटी १९ मार्च २०१८ ला न्यायालयाला हा कायदा नीट राबवा म्हणून सविस्तर निकाल द्यावा लागला.

त्याआधी, २०१६ मध्ये, एक फार मोलाचा निकाल लागला होता. उत्तर प्रदेशातल्या लॅन्को अनपरा या वीज कंपनीचं म्हणणं होतं की आमचा प्रकल्प कारखाने कायद्याखाली नोंदलाय, आणि बांधकाम कामगार कायदा कारखान्याला लागू नाही, म्हणून उपकर देणार नाही. ऐकायला तांत्रिक वाटतं, पण नीट बघा. हे मान्य झालं असतं तर कारखाना बांधणारा माणूस दोन्हीकडून सुटला असता. उत्पादन सुरू नाही म्हणून कारखान्याचा कामगार नाही, आणि कारखान्याच्या नोंदणीमुळे बांधकाम कामगारही नाही. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. उत्पादन सुरू होईपर्यंत तो बांधकाम कामगारच आणि त्याला हा कायदा लागूच.

बाहेरच्या देशांत कायदा आपोआप शहाणा झाला असं समजू नका. २३ जून १९९० च्या रात्री लंडनमध्ये ब्रॉडगेट नावाच्या अर्धवट बांधलेल्या चौदा मजली इमारतीत, ठेकेदाराच्या तात्पुरत्या केबिनमध्ये आग लागली. स्प्रिंकलर अजून सुरू नव्हते. कुणी मेलं नाही, पण नुकसान अडीच कोटी पौंडांच्या वर. पुढच्याच वर्षी तिथल्याच आणखी एका बांधकामावर मोठी आग. मग हललं कोण? विमा कंपन्या. बांधकाम व्यावसायिकांबरोबर बसून त्यांनी १९९२ मध्ये साइटवरच्या आगीसाठी आचारसंहिता काढली, आणि ती पाळली नाही तर विमा अडचणीत. मला यातून एवढंच दिसतं की जिथं आग लागल्यावर पैसा नेमका कुणाच्या खिशातून जाणार हे आधी ठरलेलं असतं, तिथं वेल्डरमागे एक तास माणूस बसतो.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला. नव्या संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम मधल्या काळात चालू राहण्याची तरतूद तिच्यातच आहे. दंड वाढलाय. कर्तव्य मोडल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा किंवा जास्त हिस्सा मृताच्या कुटुंबाला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. दोन हजारांवरून पाच लाख, ही मला खरी सुधारणा वाटते. बरोबर पाच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, हाँगकाँगच्या ताय पो भागात दुरुस्ती चालू असलेल्या वसाहतीत आग लागली. बाहेरून बांबूची परांची, तिच्यावर जाळी, खिडक्यांवर फोम. आठपैकी सात टॉवर पेटले आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. आपल्या टॉवरांना गुंडाळलेली ती हिरवी जाळी आठवा. ती कशाची आहे, पेट घेते का, हे कुणी विचारलंय?

आणि जत? इथं एक बारीक अक्षरातली गोष्ट आहे. १९९६ च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेलं काम बाहेर होतं, आणि स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं कामही. नव्या संहितेत दहा कामगारांची अट तशीच, घराची मर्यादा मात्र ५० लाख. जतमध्ये, उमदीत, माडग्याळला बंगला बांधणाऱ्या माणसाकडे एका वेळी सहा-सात माणसं असतात, आणि घर ५० लाखांच्या आतच बसतं. म्हणजे आमच्या तालुक्यातलं बहुतेक बांधकाम या संहितेच्या बाहेरच. तिथं उरतो तो १८६० च्या कलमाचा नवा अवतार, न्याय संहितेतलं कलम २८७, सहा महिने किंवा दोन हजार. आणि कुणी मेलंच तर कलम १०६, निष्काळजीपणामुळे मृत्यू. २८७ ला निदान धोका पुरतो, पण तक्रार करणार कोण? दिवसाच्या हजेरीवर आलेला बिगारी? त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही कलमं निघतात ती राख झाल्यावरच. आधी पाणी ठेव, सिलिंडर ठेव, वेल्डिंग करणाऱ्याच्या पायाखालचं थर्माकोल उचल, हे सांगणारा नियम तिथं नाही.

तात्या या दिवाळीत गावी स्वतःचं घर काढतायत. चार खोल्या, वर पत्र्याचं शेड, शेडचं वेल्डिंग जतचाच एक पोरगा करणार. मी विचारलं, "तात्या, सिलिंडर ठेवणार का?" म्हणाले, "किती रुपयाला येतो?" मी लिंक पाठवलीय.

भेटू पुढच्या भागात.